महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : जमखंडीचे सुपुत्र

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव घेतले की पुणे-मुंबई आठवते. पण 23 एप्रिल 1873 रोजी त्यांचा जन्म झाला तो जमखंडीत. हे गाव आता कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. घर वारकरी, भोवती कानडी मुलूख. मराठी आणि कानडीच्या संबंधाचा त्यांनी पुढे अभ्यासही केला. म्हणून आम्हा सीमाभागातल्या लोकांना ते विशेष जवळचे वाटतात.

शिक्षणासाठी ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेले. तेथे प्रार्थनासमाजाशी संबंध आला आणि 1901 मध्ये धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. या वाटचालीत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा त्यांना आधार मिळाला. 1903 मध्ये परतल्यावर मानाची नोकरी न शोधता ते मुंबईत प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले.

प्रचारासाठी हिंडताना अस्पृश्य वस्त्यांची स्थिती त्यांनी जवळून पाहिली. नगरजवळच्या भिंगार येथे वस्तीतल्या लोकांनी रात्री भरवलेल्या सभेने त्यांचा निश्चय पक्का झाला. 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत परळ येथे पहिली शाळा उघडून 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी'चे काम सुरू झाले. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर तिचे अध्यक्ष होते. शाळांच्या जोडीला वसतिगृहे निघाली आणि पुणे, हुबळी अशा गावी शाखा झाल्या. पुण्याच्या अहल्याश्रमाला होळकरांचे साहाय्य लाभले.

या कामातील घरच्या माणसांचा वाटा आम्हाला मुद्दाम सांगावासा वाटतो. बहीण जनाबाई यांचे लग्न लहानपणीच झाले होते आणि सासरी त्यांना फार सोसावे लागले. विठ्ठलरावांनी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. त्याच जनाबाई पुढे मंडळीच्या कामात उतरल्या आणि वस्तीतल्या मुलांना शिकवू लागल्या. आईवडील आणि पत्नी रुक्मिणीबाईही संस्थेच्या जागेत, त्या मुलांच्या सोबतीने राहिल्या. ज्या काळात सावली पडली तरी विटाळ मानत, त्या काळात एका मराठा कुटुंबाने आपला संसार तेथे मांडला, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठी वाटते.

जात आणि स्त्रियांची स्थिती हे दोन प्रश्न त्यांनी कधी वेगळे मानले नाहीत. देवाला मुली वाहण्याच्या मुरळीच्या चालीविरुद्ध त्यांनी चळवळ केली. 1920 साली पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा खर्चाचे कारण सांगून ते आधी मुलग्यांपुरते ठेवावे असे अनेकांचे मत होते. मुलींना मागे ठेवू नये म्हणून शिंदे उभे राहिले, आणि त्यासाठी पुण्याच्या स्त्रियाही रस्त्यावर आल्या. त्याआधी 1917 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते.

त्यांची उत्तरायुष्याची वाट मात्र एकाकी होती. सनातनी मंडळींना ते परके वाटत. दुसरीकडे अस्पृश्य समाज जागा झाला होता आणि आपले नेतृत्व आपल्याच हाती हवे असे म्हणू लागला होता. ती मागणी रास्त होती. 1923 मध्ये शिंद्यांनी संस्थेची सूत्रे सोडली, पण काम सोडले नाही. 1930 च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगवास भोगला. 1933 मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 2 जानेवारी 1944 रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्या मंडळांत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, ते योग्यच आहे. पण मंडळाच्या पंगतीत कोण बसते, कार्यकारिणीत स्त्रिया किती, आणि ज्या वस्त्यांतून कोणी सभासद होत नाही तेथे आम्ही कधी जातो का, हे प्रश्नही त्याच दिवशी विचारायला हवेत. शिंद्यांनी सुरुवात स्वतःच्या घरापासून केली होती. आम्हालाही दुसरीकडून करता येणार नाही.