जॉर्ज स्टीफन्सन आणि त्याचा पुत्र

इंग्लंडच्या उत्तर भागात टाइन नदीच्या काठी वायलम नावाचे खेडे आहे. तेथे ९ जून १७८१ रोजी जॉर्ज स्टीफन्सनचा जन्म झाला. त्याचे वडील खाणीवरील इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालण्याचे काम करीत. त्या तुटपुंज्या मजुरीत मुलांना शाळेत धाडणे शक्यच नव्हते. जॉर्जने लहानपणी गुरे राखली आणि पुढे तोही खाणीवर कामाला लागला. अठराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. मग दिवसाचे कष्ट आटोपल्यावर तो रात्री एका शिक्षकाकडे जाऊन मुळाक्षरे गिरवू लागला.

१८०२ साली त्याचा विवाह झाला. पुढच्या वर्षी रॉबर्ट जन्मला. परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. पाठची मुलगी काही आठवड्यांतच दगावली आणि १८०६ साली पत्नीही क्षयाने गेली. लहानग्या रॉबर्टला दुसऱ्यांच्या हाती सोपवून जॉर्ज कामासाठी स्कॉटलंडला गेला. परत येऊन पाहतो, तो अपघातात वाफेने भाजून वडिलांची दृष्टी गेलेली! त्याने त्यांचे कर्ज फेडले व त्यांचा भार आपल्या शिरावर घेतला. रॉबर्टच्या संगोपनासाठी जॉर्जची बहीण एलिनॉर घरी येऊन राहिली.

आपल्याला वेळेवर विद्या मिळाली नाही, हे शल्य जॉर्जला सतत टोचत असे. मुलाचे तसे होऊ नये म्हणून तो रात्री जागून लोकांची घड्याळे दुरुस्त करी, जोडे शिवी. त्या पैशांतून रॉबर्ट न्यूकॅसल शहरातील शाळेत जाऊ लागला. शाळा दूर, म्हणून वडिलांनी त्याला एक गाढव घेऊन दिले. त्या घरात तीदेखील चैनच होती! रॉबर्ट शहरातील ग्रंथालयातून पुस्तके आणी. जी बाहेर नेता येत नसत, त्यांतील आकृत्या उतरवून आणी. रात्री दिव्याजवळ बसून मुलगा वाची आणि बाप ऐके. शिक्षण एकाचे आणि विद्यार्थी दोन, असा तो प्रकार होता. १८१६ साली दोघांनी मिळून दगडाचे एक सूर्यघड्याळ तयार केले व आपल्या दारावर बसविले.

वाफेचे इंजिन जॉर्जने शोधून काढले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. रुळांवरून धावणारे इंजिन ट्रेव्हिथिकने १८०४ सालीच चालविले होते. जॉर्जने १८१४ पासून एकामागून एक इंजिने बांधून त्यांत सुधारणा केल्या. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर त्याची गाडी धावली.

त्याच वर्षी त्याला मोठा अपमानही सोसावा लागला. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाची योजना पार्लमेंटच्या समितीपुढे आली, तेव्हा मोजणीतील चुकांवर वकिलांनी त्याला भंडावून सोडले. मोजणी त्याच्या मदतनिसांनी केलेली होती. पण जबाबदारी त्याची होती. त्याच्या खेडवळ बोलीचीही थट्टा झाली. योजना बारगळली. त्या वेळी रॉबर्ट दक्षिण अमेरिकेतील खाणींवर होता. बाप एकटाच पडला होता.

पुढच्या वर्षी योजनेला मंजुरी मिळाली आणि काम पुन्हा जॉर्जकडेच आले. वाटेत चॅट मॉस नावाची अफाट दलदल होती. टाकलेला भराव ती गिळून टाकी. जॉर्जने झुडपांच्या फांद्यांचे थर पसरून त्यांवर मार्ग तरंगता ठेवला. १८२७ च्या अखेरीस रॉबर्ट परतला व न्यूकॅसलच्या कारखान्यात त्याने 'रॉकेट' हे इंजिन बांधले. १८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिल येथे झालेल्या स्पर्धेत तेच एक इंजिन सर्व कसोट्या पार करू शकले. ५०० पौंडांचे बक्षीस त्याला मिळाले. १५ सप्टेंबर १८३० रोजी हा मार्ग खुला झाला.

१२ ऑगस्ट १८४८ रोजी जॉर्जचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. ती चालविणाऱ्या कंपनीचा सल्लागार अभियंता होता रॉबर्ट स्टीफन्सन. बापलेकांनी घडविलेले ते सूर्यघड्याळ किलिंगवर्थजवळच्या त्या लहानशा घराच्या दारावर अजून आहे.