अंगणातली शाळा : कै. ताराबाई मोडक

मुलांना घरी काही शिकवावे असे मनात आले, की आपल्याला आधी खर्च दिसू लागतो. खेळणी हवीत, रंगीत पुस्तके हवीत, आणि एवढे पैसे आणायचे कोठून? अशा वेळी कै. ताराबाई मोडकांची आठवण अवश्य करावी.

त्यांचा जन्म १८९२ सालचा, प्रार्थनासमाजी केळकरांच्या घरातला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळच्या मुलीच्या मानाने ही केवढी गोष्ट! संसार मात्र फार दिवस टिकला नाही. १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या आणि बालशिक्षण हेच त्यांचे जीवितकार्य झाले. पुढे दादरला १९३६ साली त्यांनी शिशुविहार काढला.

तेथे नाव झाले, पण मन स्वस्थ नव्हते. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये आपले काम गरिबांच्याच मुलांत सुरू केले होते. पण लाकडी दट्टे, मनोरे, खरखरीत अक्षरे ही त्यांची साधने महाग पडत. मग खेड्यातल्या मुलाने शिकायचेच नाही की काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला ताराबाई १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ सोबतीला आल्या.

बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आई मजुरीला गेलेली, धाकटे भावंड थोरल्याच्या कडेवर. ते पोर शाळेत येणार कसे? तेव्हा बाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. प्रथम हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, मग गाणी-गोष्टी. साधने तिथलीच : शंखशिंपले, खडे, पाने, फुले, बिया. शिंपले लहानमोठे लावता लावता मुलाला क्रम कळतो, बिया मोजताना अंक हाताला लागतो. अंक आधी हाताला लागला, की पाटीवर तो परका वाटत नाही. आपल्या बोर्ली-दिवेआगरकडे सुपाऱ्या, करवंट्या, झावळ्यांचे हीर आणि शिंपले यांना काय तोटा? आपण ते केरात टाकतो, ही गोष्ट निराळी!

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाही कुरणात गेली, तीच कुरणशाळा. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी सरकारने बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले.