लाईट गेली, फॉल्ट नाही गेला!

कॉन्व्हेंटवाल्यांनी मराठी विभागात लिहायचं म्हणजे जरा टेन्शनच असतं. पण विषय आपल्या शाखेचा आहे, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून उलव्याला घरी गेले, तर पप्पांच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळी लाईट. चेक इंजिन! मेकॅनिकलची मुलगी घरात असल्यावर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. आता यांना कसं सांगणार, की माझी एम-थ्रीची केटीच अजून सुटलेली नाही? तरी हिंमत करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि पंधरा मिनिटांनी परत लावली. ईसीयू रिसेट! लाईट गायब, माझी कॉलर टाईट.

तिसऱ्या दिवशी खारकोपर स्टेशनवरून येताना लाईट परत हजर. शिवाय सिग्नलला गाडी आधीपेक्षा जास्त थरथरायला लागली. शेवटी आमच्या सेक्टरमधल्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी स्कॅनर लावला, मग कान लावून ऐकलं आणि व्हॅक्यूमचा एक तडकलेला रबरी पाईप काढून दाखवला. तिथून इंजिन जास्तीची हवा ओढत होतं. मी वायर काढली तेव्हा फॉल्टची नोंद पुसली गेली, फॉल्ट तसाच राहिला. उलट पेट्रोल किती द्यायचं, हे ईसीयू इतके महिने चालून-चालून जे शिकला होता, तेही पुसलं गेलं.

काका म्हणाले की ते काम शिकले प्रीमियर पद्मिनी टॅक्सीवर. तिला कॉम्प्युटरच नव्हता. कार्ब्युरेटर, एक स्क्रू ड्रायव्हर आणि आपला कान. काही पुसायची सोयच नव्हती, बिघाड शोधावाच लागायचा. ही पद्मिनी बनवणारी कंपनी कुणाची, म्हणून शोधायला गेले आणि पोचले वालचंद हिराचंद यांच्यापाशी. तोपर्यंत वालचंद म्हणजे माझ्यासाठी सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज, बस्स. शाळेत आम्ही जेम्स वॅट आणि हेन्री फोर्ड शिकलो, पण हे नाव कुणी घेतलं नाही.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. मुंबई-पुण्यात कॉलेज केलं, पण डिग्री न घेताच बाहेर पडले. (हे वाचून मला उगाच बरं वाटलं!) घरच्या धंद्यात मन रमेना. रेल्वेतले एक माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. सुरुवात बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून. पुढे मोठ्या कंपनीच्या मार्फत बोरघाटातले बोगदे. आपण लोणावळा ट्रिपला जाताना ज्या बोगद्यांत ओरडतो ना, तोच घाट! १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

मधेच १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्यासोबत त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून एक जुनं जहाज घेतलं आणि सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. त्याची आठवण म्हणून आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. पण ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना जेरीला आणलं, तडजोड करायला लावली. तरी वालचंद जहाजांतून बाहेर पडले नाहीत.

आता आपल्या विषयाची गोष्ट. भारतात मोटारींचा कारखाना हवा, असा विश्वेश्वरय्यांचा आग्रह होता. वालचंदांनी तो मनावर घेतला आणि १९३९ मध्ये त्यासाठी अमेरिका गाठली. इंग्रज सरकारने मात्र साथ दिली नाही. याच प्रवासात विमानांच्या धंद्यातले एक अमेरिकन, विल्यम पॉली, भेटले. त्या ओळखीतून आणि म्हैसूर सरकारच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना सुरू झाला. गेले मोटारीसाठी आणि उभं केलं विमान! तोच आजचा एचएएल. पण १९४२ मध्ये सरकारने त्यांचा वाटा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. विशाखापट्टणमला १९४१ मध्ये जहाजबांधणीचा पाया घातला, तर एप्रिल १९४२ मध्ये तिथे जपानी बॉम्ब पडले.

इथे मी असते तर बॅटरीची वायरच काढली असती. सगळं सोडून नवं काहीतरी! वालचंदांनी मोटारीचं काम होतं तिथून पुढे नेलं. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. विशाखापट्टणमचं 'जलउषा' जहाज १९४८ मध्ये पाण्यात उतरलं. सगळंच मनासारखं झालं असं नाही. विमानाचा कारखाना त्यांना परत मिळाला नाही. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ८ एप्रिल १९५३ ला ते गेले. पुढे फियाटच्या मॉडेलवरून आलेली पद्मिनी त्यांनी पाहिलीच नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

खरं सांगू? त्या सुट्टीत मी ब्रांच बदलायचा, पहिल्यापासून सुरुवात करायचा विचार करत होते. घरी बोलले नव्हते. पण तो तडकलेला पाईप डोक्यातून जाईना. ब्रांच बदलली तर गेली दोन वर्षं पुसली जातील, आणि फॉल्ट? तो माझ्याबरोबर नव्या वर्गात येऊन बसेल!

हॉस्टेलवर परत आल्यावर एम-थ्रीच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. दोन्ही वेळा फोरियरचे प्रश्न मी ऑप्शनला टाकले होते आणि बाकीच्यात मार्क पुरले नव्हते. म्हणजे पाईप सापडला! आता रोज रात्री मेसनंतर रूममेटकडून फोरियर शिकतेय. लाईट अजून चालू आहे, पण यावेळी वायर काढणार नाही.