हजरत निजामुद्दीन औलिया

दिल्लीच्या तख्तासाठी मुलाने बापाविरुद्ध आणि पुतण्याने चुलत्याविरुद्ध शस्त्र उचलावे, असा तो काळ होता. त्याच दिल्लीत राहून एक सत्पुरुष राजदरबारापासून दूर राहिले. ते सत्पुरुष म्हणजे हजरत निजामुद्दीन औलिया.

तेराव्या शतकात बदायूँ येथे त्यांचा जन्म झाला. पित्याचे छत्र बालपणीच हरपले. माता बीबी जुलेखा यांनी अत्यंत हलाखीत त्यांना वाढवले. घरात अन्नाचा कण नसेल त्या दिवशी आपण ईश्वराचे पाहुणे आहोत, असे त्या मुलाला समजावीत. पुढे पुढे तर मुलगाच त्या दिवसाची वाट पाहू लागला. अभावाचे भय असे लहानपणीच सरले.

शिक्षणासाठी मायलेक दिल्लीस आले. निजामुद्दीनांच्या विद्वत्तेचा लौकिक झाला आणि आपण काझी व्हावे, अशी इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न झाली. मात्र शेख नजीबुद्दीन यांनी त्यांना त्या पदापासून परावृत्त केले. विशीच्या सुमारास ते अजोधनला बाबा फरीद यांच्या चरणी गेले. तेथे विद्येचा अहंकार गळून पडला आणि अधिकारपदाची ओढही मावळली.

गुरूंच्या आज्ञेने ते दिल्लीजवळील गियासपूर येथे राहिले. भक्त आणून देत ते धन व धान्य गरिबांना वाटले जाई. दर शुक्रवारी कोठार रिकामे केले जाई. स्वतः मात्र ते उपवास करीत. शहरात कोणी उपाशी झोपले असेल, या विचाराने पहाटेचा घास त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

सुलतान अल्लाउद्दीन खलजीने राज्यकारभारात सल्ला मागणारे पत्र पाठवले, तेव्हा त्यांनी ते न उघडताच परत केले, असे सांगतात. सुलतानाने भेटीस येण्याचा आग्रह धरला, तेव्हा तो एका दाराने आत आल्यास आपण दुसऱ्या दाराने निघून जाऊ, असे त्यांनी कळवले. यात राजाविषयी द्वेष नव्हता. राजाची मर्जी सांभाळू लागलेले मन दुःखितांचे राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे कुतुबुद्दीन मुबारकशहाने दरबारात हजर राहण्याचे फर्मान काढले, तरी ते डगमगले नाहीत. 1320 मध्ये मुबारकशहाचीच हत्या झाली.

1325 मध्ये निजामुद्दीनांचे देहावसान झाले. त्यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दक्षिणेत आले. महाराष्ट्रातील खुलदाबाद येथे त्यांची समाधी आहे. औलिया या शब्दापासूनच मराठीतील ‘अवलिया’ हा शब्द रूढ झाला. सुलतानांचे महाल आज भग्नावस्थेत आहेत. निजामुद्दीनांच्या दर्ग्यात मात्र सर्व धर्मांचे लोक येतात आणि भुकेल्यांना अन्न मिळते.