स्टेप भगवानदादांची!

मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. विसर्जनाला आपल्या अंधेरीच्या होस्टेलची पोरं हात हलवत जी डुलती स्टेप करतात, ती भगवानदादांची, हे मला यंदा कळलं.

भगवान आबाजी पालव. जन्म १९१३, वडील गिरणी कामगार. स्वतःही मजुरी केली, मग मूकपटांत छोटी कामं. पुढे कमी पैशांतले स्टंटपट काढले, कामगारांनी ते उचलून धरले. चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभारला. १९५१ साली 'अलबेला' आला. हीरो, निर्माता, दिग्दर्शक दादाच. जोडीला गीता बाली आणि सी. रामचंद्रांचं संगीत. पिक्चर तुफान चालला! जुहूला बंगला, दारात सात गाड्या.

नंतरचे पिक्चर पडले. बंगला विकला, गाड्या गेल्या, दादा दादरच्या चाळीत राहू लागले. मग मिळतील त्या छोट्या भूमिका केल्या. २००२ मध्ये दादरच्या घरीच वारले.

मागच्या सेमला दोन केट्या लागल्या, तेव्हा मला मेसमध्ये जायची लाज वाटायची. दादा मात्र सगळं गेल्यावरही कॅमेऱ्यासमोर नाचायला उभे राहिले. यंदा नाचताना मला ते आठवेल.