चेहरा त्याचा, अंग दुसऱ्याचं

आवडतं कॅरेक्टर परत आणायचं, तर नवा नट घ्यायचा की जुन्याच नटाचा चेहरा कॉम्प्युटरवर घडवायचा? ‘स्टार वॉर्स’चे फॅन्स या एका प्रश्नावर रात्र रात्र भांडू शकतात. त्या वादात ज्याचा चेहरा हमखास पुढे केला जातो, त्या पीटर कुशिंगची ही गोष्ट.

डिसेंबर 2016. ‘रोग वन’ नुकताच रिलीज झाला होता. एका सीनमध्ये खिडकीच्या काचेत एक ओळखीचा चेहरा दिसतो. बसकी गालफडं, धारदार नाक, थंड नजर. मग तो माणूस वळतो आणि ‘स्टार वॉर्स’चा पहिला सिनेमा पाठ असलेले प्रेक्षक चाट पडतात. हा तर ग्रँड मॉफ टार्किन! 1977 च्या सिनेमात डेथ स्टारचा प्रमुख असलेला, डार्थ व्हेडरलाही आवर घालणारा तोच टार्किन. पण ती भूमिका करणारा पीटर कुशिंग तर 1994 मध्येच गेला होता. मरणानंतर 22 वर्षांनी तो पडद्यावर चालत होता, बोलत होता.

काहींना हे कळलंच नाही. शेजारच्या मित्राने सांगितल्यावर त्यांना धक्का बसला. काहींना पहिल्या क्षणीच खटकलं. ओठ आणि डोळे मेणाच्या पुतळ्यासारखे वाटले. आणि मग वाद सुरू झाला, तो आजही चालू आहे. त्यात आपली बाजू ठरवायच्या आधी हा माणूस कोण होता, हे बघायला हवं.

कापून टाकलेला चेहरा

पीटर कुशिंगचा जन्म 26 मे 1913 चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यात केन्ली इथला. वडील क्वांटिटी सर्व्हेयर. आजोबा नट होते, पण वडिलांना मुलाचं नाटकाचं वेड मान्य नव्हतं. पोराने नीट नोकरी करावी, हे त्यांचं म्हणणं. पीटर एका स्थानिक कौन्सिलच्या ऑफिसात सर्व्हेयरचा मदतनीस म्हणून चिकटलासुद्धा. पण लक्ष सगळं नाटकात. वर्दिंग गावच्या थिएटरचे बिल फ्रेझर यांना त्याने कामासाठी पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी वैतागून फ्रेझरनी त्याला भेटायला बोलावलं, ते आता पत्रं लिहिणं थांबव हे सांगायला! पण समोर आलेल्या पोराकडे बघून त्यांनी विचार बदलला. त्याच रात्री पीटर एका छोट्याशा भूमिकेत स्टेजवर उभा होता.

1939 मध्ये तो हॉलिवूडला निघाला. तिकीट वडिलांनीच काढून दिलं, पण फक्त जायचं. तिथे त्याला ‘द मॅन इन द आयर्न मास्क’ या सिनेमात काम मिळालं. काम काय? सिनेमाचा हिरो लुई हेवर्ड जुळ्या भावांचा डबल रोल करत होता. समोर कुणीतरी उभं असल्याशिवाय हेवर्डने संवाद कुणाशी बोलायचे? म्हणून पीटरने समोर उभं राहून दुसऱ्या भावाचे संवाद म्हणायचे. मग दोघांनी जागा बदलायच्या आणि पुन्हा तेच. नंतर फिल्मचे दोन अर्धे भाग जोडले जायचे आणि पडद्यावर दोन्हीकडे हेवर्डच दिसायचा. पीटरने केलेला सगळा अभिनय एडिटिंगमध्ये कापला जायचा.

म्हणजे सिनेमातलं त्याचं पहिलंच मोठं काम हे होतं: अंग त्याचं, चेहरा दुसऱ्याचा. त्याच सिनेमात त्याला एक छोटी भूमिकाही मिळाली, पण तो तिथे शिकला ते या दिसत नसलेल्या कामातून. कॅमेऱ्यासमोर किती हलायचं, किती थांबायचं, समोरच्याला काय द्यायचं, हे सगळं.

रेशमी स्कार्फ आणि सोमरसॉल्ट नशीब

दुसरं महायुद्ध सुरू झालं, घरची ओढ लागली आणि 1942 मध्ये तो इंग्लंडला परतला. सैनिकांसाठी नाटकं करणाऱ्या कंपनीत काम करताना त्याला हेलन बेक भेटली. 1943 मध्ये दोघांचं लग्न झालं. पुढची काही वर्षं ओढाताणीची होती. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या ‘हॅम्लेट’मध्ये (1948) त्याने ऑस्रिकची भूमिका केली, ऑलिव्हिएबरोबर ऑस्ट्रेलियाचा नाट्यदौराही केला. पण मधल्या रिकाम्या काळात घर चालवायला तो रेशमी स्कार्फवर हाताने चित्रं रंगवून द्यायचा. चित्रकलेचा हात चांगला होता, म्हणून निभावलं.

टीव्ही तेव्हा नवा होता आणि नाटकवाले त्याकडे नाक मुरडून बघत. तिथे काम माग, असा आग्रह हेलनने धरला. तो बरोबर निघाला. डिसेंबर 1954 मध्ये बीबीसीने जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ टीव्हीवर लाइव्ह सादर केली. विन्स्टन स्मिथच्या भूमिकेत कुशिंग होता. छळाचे प्रसंग बघून प्रेक्षक इतके हादरले, की विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गेला. एका रात्रीत त्याचा चेहरा घराघरात पोचला.

मग आली हॅमर ही भयपटांची कंपनी. ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (1957) मध्ये तो बॅरन फ्रँकेन्स्टाइन झाला, ‘ड्रॅक्युला’ (1958) मध्ये व्हॅन हेल्सिंग. समोर बहुतेक वेळा उंचापुरा ख्रिस्तोफर ली. पडद्यावर एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे प्रत्यक्षात जिवलग दोस्त होते. ‘ड्रॅक्युला’चा शेवट आठवतो का? व्हॅन हेल्सिंग लांबलचक टेबलावरून धावत जातो, झेप घेऊन पडदे ओढून खाली पाडतो, सूर्यप्रकाश आत येतो आणि दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रॉस करून तो ड्रॅक्युलाला उन्हात रेटतो. ती धाव आणि तो क्रॉस या कल्पना कुशिंगच्या होत्या. हातात येईल त्या वस्तूचा तो असा काही वापर करायचा, की सहकलाकार त्याची त्यावरून थट्टा करत. पण आज त्या सिनेमातला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला सीन तोच आहे.

भयपटात मेलेली पात्रं परत येणं, हे तर रोजचंच. उन्हात राख झालेला ड्रॅक्युला 1966 मध्ये परत आला. त्या सिनेमात कुशिंग नव्हता, पण सुरुवातीला त्याची 1958 ची तीच जुनी दृश्यं वापरायची होती. हॅमरने त्याची परवानगी मागितली, त्याने दिली. बदल्यात कंपनीने त्याच्या घराच्या छपराचं बिल भरलं, असं सांगतात. हा किस्सा लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

यादीत नसलेला डॉक्टर

कास्टिंगवरचे वाद कुशिंगला नवे नव्हते. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची अंतराळ-काळ प्रवासाची मालिका 1963 मध्ये सुरू झाली. टीव्हीवर डॉक्टर होता विल्यम हार्टनेल. पण 1965 आणि 1966 मध्ये त्या कथांवर दोन रंगीत सिनेमे निघाले, तेव्हा डॉक्टर म्हणून घेतलं कुशिंगला. शिवाय टीव्हीवरचा परग्रहावरचा रहस्यमय डॉक्टर सिनेमात एक साधा, प्रेमळ, विसराळू आजोबा-संशोधक झाला. आजही कट्टर फॅन्स डॉक्टरांची यादी करतात, तेव्हा कुशिंगला त्यात मोजत नाहीत.

गंमत म्हणजे त्याच 1966 मध्ये टीव्हीवाल्यांनी कास्टिंगचा प्रश्न कायमचा सोडवून टाकला. हार्टनेलची तब्येत बिघडली, तेव्हा त्यांनी कथेतच सोय केली: डॉक्टर मरणाच्या दारात पोचला, की त्याचं शरीर बदलतं. नवा नट, नवा स्वभाव, कॅरेक्टर तेच. म्हणून ती मालिका इतकी वर्षं टिकली.

कुशिंग स्वतः दुसऱ्यांच्या जागी उभा राहतच मोठा झाला. फ्रँकेन्स्टाइन, व्हॅन हेल्सिंग ही पात्रं त्याच्याआधी इतरांनी गाजवली होती. 1968 मध्ये बीबीसीच्या शेरलॉक होम्स मालिकेतही तो आधीच्या नटाच्या जागी आला. त्याने कुणाची नक्कल केली नाही. मूळ पुस्तकं वाचली, बारकावे टिपले आणि आपला होम्स उभा केला.

स्लीपर घातलेला सेनापती

जानेवारी 1971 मध्ये हेलन गेली. तिला श्वसनाचा जुना आजार होता. कुशिंग आतून कोसळला. पुन्हा लग्न केलं नाही. आता फक्त तिला भेटायची वाट बघतोय, हे तो उघडपणे सांगायचा. दुःख विसरायला त्याने स्वतःला कामात गाडून घेतलं. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ (1972) मध्ये त्याने एका एकाकी विधुराची भूमिका केली. त्या पात्राच्या मेलेल्या बायकोचं नाव हेलन आहे. तो चेहरा आता आणखी खंगला होता, गाल आत गेले होते.

नेमका हाच चेहरा जॉर्ज लुकासला भावला. आधी ओबी-वान केनोबीसाठी त्याचा विचार झाला होता, पण शेवटी टार्किन त्याच्याकडे आला. 1976 मध्ये लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत शूटिंग झालं. युनिफॉर्मबरोबर दिलेले बूट पायाला इतके घट्ट होते, की चालवेना. त्याने लुकासला विनंती केली, शक्य तिथे कमरेच्या वरच शॉट घ्या. मग हा क्रूरकर्मा घरातले मऊ स्लीपर घालून अख्खा ग्रह उडवण्याचे हुकूम देत राहिला! एकोणीस वर्षांच्या कॅरी फिशरला तर त्याचा तिरस्कार करण्याचा अभिनय अवघड गेला, कारण सेटवर त्याच्याइतकं सभ्य आणि गोड कुणी नव्हतं. मॉफ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आपल्याला कायम पडायचा, हेही तो गमतीत सांगायचा. टार्किन पहिल्याच सिनेमात मेल्यामुळे पुढच्या भागांत आपल्याला काम मिळणार नाही, याची मात्र त्याला खंत होती.

पुढे व्हिटस्टेबल या समुद्रकाठच्या गावात तो सायकलवर फिरताना दिसायचा. 1982 मध्ये कॅन्सरचं निदान झालं. डॉक्टरांनी फार तर दीड वर्ष दिलं, तो बारा वर्षं जगला. शेवटच्या दिवसांत दोस्त ख्रिस्तोफर लीबरोबर त्याने हॅमरवरच्या माहितीपटासाठी निवेदन केलं. 11 ऑगस्ट 1994 ला तो गेला. वय 81.

परत आलं कोण?

कॅरेक्टर परत आणायचे दोन्ही मार्ग ‘स्टार वॉर्स’ने वापरून बघितले. 2005 च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये वेन पिग्रॅम या नटाला मेकअपने टार्किन बनवलं. सीन इतका छोटा, की फारसं कुणी बोललं नाही. 2016 मध्ये मात्र गाय हेन्री या ब्रिटिश नटाने पूर्ण भूमिका केली आणि त्याच्या चेहऱ्यावर कॉम्प्युटरने कुशिंगचा चेहरा चढवला. त्यासाठी 1984 च्या ‘टॉप सीक्रेट’ सिनेमाच्या वेळी घेतलेला कुशिंगच्या चेहऱ्याचा साचा कामाला आला. हा हेन्रीसुद्धा तरुणपणी टीव्हीवर शेरलॉक होम्स झालेला! 1939 मध्ये पीटरने जे केलं, तेच आता हेन्री करत होता. अंग आपलं, चेहरा दुसऱ्याचा.

एका बाजूचे फॅन्स म्हणतात, डेथ स्टारची गोष्ट टार्किनशिवाय कशी सांगणार? आणि टार्किन म्हणजे कुशिंगच. शिवाय त्याच्या वारसांची परवानगी घेतली होती आणि परत यायची इच्छा तर त्याचीच होती. दुसरी बाजू म्हणते, मग सरळ नवा नट घ्या. ‘सोलो’मध्ये (2018) हॅन सोलोची भूमिका ऑल्डन एरनराइकने केलीच ना! यावर पहिल्या बाजूचं उत्तर तयार असतं: तो सिनेमा पडला. मग दुसरी बाजू विचारते, तो काय फक्त कास्टिंगमुळे पडला? ‘मँडलोरियन’मधला (2020) तरुण ल्यूकही डिजिटल होता, पण तिथे मार्क हॅमिल जिवंत होता आणि स्वतः सामील होता. कॅरी फिशर 27 डिसेंबर 2016 ला अचानक गेली, तेव्हा लेयाला डिजिटली घडवायचा बेत नाही, असं लुकासफिल्मने जाहीर केलं. पुढे तिची आधी शूट केलेली दृश्यंच वापरली.

वाद आता फॅन्सपुरता उरलेला नाही. 2023 चा हॉलिवूडच्या नटांचा 118 दिवसांचा संप ज्या मुद्द्यांवर झाला, त्यात डिजिटल प्रतिकृतीचा मुद्दा होता. 2024 मध्ये कॅलिफोर्नियाने दिवंगत कलाकारांची डिजिटल प्रतिकृती वापरायला वारसांची संमती लागेल, असा कायदा केला.

आता तो छपराचा किस्सा आठवा. 1966 मध्ये हॅमरने विचारलं, तेव्हा हो म्हणायला कुशिंग स्वतः हजर होता. आणि वापरलेला प्रत्येक सेकंद त्याने स्वतः केलेला होता. 2016 मध्ये हो म्हणालं ते दुसरं कुणीतरी, आणि अभिनयही दुसऱ्याचा. पुढच्या भागात काम मिळावं ही त्याची इच्छा खरी होती. पण ती काम करण्याची इच्छा होती. टेबलावरून धावायचं त्याने स्वतः सुचवलं होतं, स्लीपरही त्यानेच मागून घेतले होते. असं काहीतरी आयत्या वेळी सुचणं, हे त्याचं काम होतं. चेहऱ्याच्या साच्यातून गालांची हाडं मिळतात, ते सुचणं मिळत नाही.

त्यामुळे टार्किन परत आला, हे मान्य. कुशिंग परत आला का, यावर मात्र कट्ट्यावर खुशाल भांडा. फक्त त्याआधी 1958 चा ‘ड्रॅक्युला’ एकदा बघा. टेबलावरून धावणारा तो माणूस बघितलात, की वादात नेमकं काय पणाला लागलंय, ते कळेल.