स्वामी रामानंद तीर्थ आणि आपले स्वराज्य

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत तिरंगा फडकला, तेव्हा आपले वाटूर निजामाच्या राज्यात होते. त्याच दिवशी निजाम सरकारने स्वामी रामानंद तीर्थांना अटक केली.

स्वामीजी मूळचे व्यंकटेश खेडगीकर. जन्म १९०३ सालचा, सिंदगीचा. हिप्परगा व अंबाजोगाई येथे त्यांनी शिक्षकाचे काम केले. १९३२ मध्ये संन्यास घेतला. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने मागितली ती केवळ जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे प्रजेला जाब देणारे मंत्रिमंडळ. तेही निजामाची गादी कायम ठेवून! एवढ्यावरच संस्था स्थापन होण्यापूर्वी तिच्यावर बंदी आली, आणि सत्याग्रह करून स्वामीजी तुरुंगात गेले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला. मुक्तिदिनाची आपली भाषणे बहुधा येथेच संपतात. परंतु त्यानंतर आला तो लष्करी गव्हर्नर, मग दिल्लीने नेमलेले मुख्यमंत्री. लोकांनी निवडलेले सरकार १९५२ साली आले. स्वामीजी लोकसभेवर निवडून गेले. मंत्रिपद मात्र त्यांनी कधीच घेतले नाही. ज्या राज्यासाठी झगडले, त्याचेच भाषावार विभाजन त्यांनी आग्रहाने मागितले. ते १९५६ मध्ये झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी निवर्तले, तेव्हा वाटूर महाराष्ट्र राज्यात येऊन ११ वर्षे झाली होती.